‘पहिले’ या शब्दाची किंमत : हत्तरसंग कुडलच्या शिलालेखाचे एक प्रकरण

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या काही महिन्यांत सोलापुरातही मराठीच्या प्राचीनतेविषयी व्याख्याने, प्रदर्शने आणि फलक यांची लगबग सुरू झाली. येथील एका शिक्षणसंस्थेने २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आपल्या दर्शनी दालनात एक कायमस्वरूपी फलक लावायचे ठरवले आणि त्याचा मजकूर तयार करण्याचे काम आम्हा पाच जणांवर सोपवले. मी इतिहास शिकवतो. माझ्याबरोबर मराठीच्या एक अध्यापिका, बँकेतून निवृत्त झालेले आणि जुने कन्नड लेख वाचण्याची गोडी असलेले एक गृहस्थ (त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो), ग्रंथालय सांभाळणारे एक सहकारी आणि अकरावीतला एक विद्यार्थी असे चौघे होते. विषयाबद्दल दुमत होण्याचा प्रश्नच नव्हता. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे आणि तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा मराठी लेख आहे, हे सोलापूरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

मी पहिल्याच बैठकीत वाक्य लिहून नेले होते : ‘मराठी भाषेतील पहिले वाक्य इ.स. १०१८ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात लिहिले गेले.’ वाक्य सर्वांना आवडले. अण्णांनी मात्र कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि शांतपणे विचारले, “सर, हे आपल्याला कसं ठाऊक झालं?” त्या प्रश्नात विरोध नव्हता, उत्सुकता होती, पण उत्तर द्यायला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आले की मी जे सांगतो आहे ते ऐकीव आहे, आणि ज्यांच्याकडून ऐकले त्यांनी ते कशावरून ठरवले हे मला नीट मांडता येत नाही. एका साध्या दिसणाऱ्या वाक्यात चार विधाने दडलेली होती : हे वाक्य मराठी आहे, ते १०१८ सालचे आहे, ते ‘लिहिले गेले’ तेव्हा भाषा लिहिण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते आपण बरोबर वाचले आहे. यांतले प्रत्येक विधान वेगळ्या पुराव्यावर उभे आहे. पुढचे सहा आठवडे आम्ही त्या एका वाक्यावर घालवले. भूतकाळाविषयी एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय घडलेले असते, हे मला वर्गात पंचवीस वर्षे शिकवून जितके कळले नव्हते तितके या सहा आठवड्यांत कळले, म्हणून ही नोंद सविस्तर करतो आहे.

वाचन

सोलापूरची गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची यात्रा) आटोपल्यावर जानेवारीच्या अखेरीस आम्ही विजापूर रस्त्याने कुडलला गेलो. काळ्या दगडाचे मंदिर, खाली संगमाचे पात्र, पलीकडे कर्नाटक. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी आम्ही काय शोधतो आहोत हे न विचारताच ओळखले. “वर बघा की, तुळईवर हाय. आमच्या आज्यानं मला दावलं हुतं, पन त्याला वाचता येत नव्हतं,” असे ते म्हणाले. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले, कारण त्यात एक महत्त्वाची माहिती होती. दगडावर काहीतरी कोरलेले आहे ही स्मृती गावात पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती, त्याचा अर्थ मात्र टिकला नव्हता. अर्थ परत मिळाला तो जुनी लिपी शिकलेल्या अभ्यासकांच्या श्रमामुळे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी, कोणत्याही विद्यापीठातील पदाचा आधार नसताना, जिल्ह्यातील खेडोपाडी फिरून शिलालेख हुडकले, त्यांचे ठसे घेतले आणि ते जाणकारांपुढे ठेवले. कुडलचा लेख चर्चेत आला तो अशाच खटपटीतून, आणि आमच्या जिल्ह्यावर त्यांचे हे ऋण आहे.

दगडावरचा लेख वाचणे हे छापील पुस्तक वाचण्यासारखे नसते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, दगडाला पडलेला खड्डा आणि कोरलेला अनुस्वार सारखेच दिसू शकतात, आणि समोरून उजेड पडला तर उथळ रेघा नाहीशाच होतात. म्हणून आम्ही विजेरी बाजूने, अगदी तिरकी धरली. तशी धरली की प्रत्येक रेघेची एक कड काळी पडते आणि अक्षर वर उठून येते. सर्वांनी एकमेकांची वही न पाहता जे दिसेल ते उतरवायचे असे आधी ठरले होते. परत आल्यावर वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा जे दिसले त्याने मी विचारात पडलो. आम्हा चार मोठ्या माणसांना ती ओळ आधीच पाठ होती, आणि चौघांनीही ती अगदी पाठ होती तशीच ‘वाचली’ होती. विद्यार्थ्याने ती ओळ मुद्दाम आधी पाहिली नव्हती. त्याने अक्षरे न वाचता नुसत्या आकृत्या काढल्या होत्या, जेथे कळले नाही तेथे तुटक रेघ दिली होती आणि शेजारी ‘येथे दगड उडालेला’ असे लिहिले होते. पुरावा म्हणून त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे पान त्याचेच होते. आम्ही जे केले ते वाचन नव्हते, वाचनाची ओळखपरेड होती.

प्रसिद्ध वाचनानुसार ती ओळ ‘वाछि तो विजेया होइवा’ अशी आहे आणि तिचा सर्वमान्य अर्थ ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ असा आहे. शेवटचा शब्द छापील ग्रंथांतही कोठे ‘होइवा’, तर कोठे ‘होऐवा’ असा आढळतो. पहिल्या शब्दातला ‘छ’ पाहून मराठीच्या बाईंनी शंका काढली की हा धातू ‘वाच्’ ऐवजी ‘वांछ्’, म्हणजे इच्छिणे, असू शकेल का? शंका रास्त होती. मात्र शिलालेखाच्या अखेरीस वाचणाऱ्याला किंवा दानाचे पालन करणाऱ्याला आशीर्वाद देण्याची रीत सर्वपरिचित आहे आणि ‘वाचील’ हा अर्थ त्या रीतीत नीट बसतो. आम्ही तोच अर्थ स्वीकारला, आणि शंका फाइलमध्ये नोंदवून ठेवली.

तारीख

या प्रकरणातला मला सर्वाधिक आनंद देणारा भाग हा आहे, कारण येथे एका लेखात दोन साक्षीदार आहेत. लेखात शके ९४० हा अंक आहे आणि त्याबरोबर संवत्सराचे नाव कालयुक्त असे आहे. साठ संवत्सरांचे चक्र प्रभवापासून सुरू होते, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे शकाच्या अंकात १२ मिळवून ६० ने भागले की जी बाकी उरते तितके संवत्सर त्या वर्षी येते. ही रीत खरी की खोटी हे विद्यार्थ्याला पटावे म्हणून आम्ही आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडताळा घेतला. तेव्हा शके १९४६ चालू होते. १९४६ अधिक १२ म्हणजे १९५८, त्याला ६० ने भागून बाकी ३८, आणि अडतिसावे संवत्सर क्रोधी. कॅलेंडरवरही क्रोधीनाम संवत्सरच छापलेले होते. मग कुडलचे गणित केले. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२, साठ पंधरे नऊशे, बाकी ५२, आणि बावन्नावे संवत्सर कालयुक्त. मुलगा एकदम उभा राहिला. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने कोरलेले नाव आपल्या वहीतल्या भागाकारातून बाहेर येते, हा अनुभव त्याच्यासाठी नवा होता आणि माझ्यासाठीही जुना झालेला नाही.

या जुळणीचा उपयोग केवळ समाधानापुरता नाही. शकाचा अंक देताना सरलेले वर्ष धरले आहे की चालू वर्ष, असा एका वर्षाचा घोळ जुन्या लेखांत नेहमी होतो. हे वर्ष एकाने मागे असते तर संवत्सर पिंगल यायला हवे होते, कारण ९३९ ची बाकी ५१ येते. नाव कालयुक्त असल्यामुळे ती शक्यता बाद होते. शिवाय शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शके ९४० चे बहुतेक महिने इ.स. १०१८ मध्ये आणि शेवटचे, माघ-फाल्गुनासारखे महिने, इ.स. १०१९ मध्ये पडतात. म्हणून शकातून सरळ ७८ मिळवून ‘१०१८ साली’ असे लिहिणे म्हणजे दगडाने जितके सांगितले त्याहून आपण थोडे अधिक सांगणे होय. फलकावर ‘इ.स. १०१८-१९’ असे लिहावे यावर येथेच एकमत झाले.

अण्णांनी मात्र आणखी एक पाऊल पुढे टाकायला लावले. अंक आणि संवत्सर जुळतात यावरून कोरणाऱ्याचे किंवा मजकूर देणाऱ्याचे गणित बरोबर होते एवढेच सिद्ध होते. लेख त्याच वर्षी कोरला गेला हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. नंतरच्या काळात कोणी जुन्या दानाची आठवण नव्याने कोरली असती तरी पंचांग जुळलेच असते. तिसरा साक्षीदार येथे लागतो आणि तो म्हणजे अक्षरवळण. अक्षरांचे वळण वर्ष सांगू शकत नाही, शतक मात्र साधारण सांगते. चौथा साक्षीदार म्हणजे वास्तू. हे मंदिर चालुक्यकालीन धाटणीचे आहे, आणि शके ९४० मध्ये या भागावर चालुक्यांचीच सत्ता होती, इ.स. १०१५ ते १०४३ या काळात राज्य करणारा दुसरा जयसिंह तेव्हा गादीवर होता. तुळई एका देवळातून काढून दुसऱ्यात बसवली जाऊ शकते, त्यामुळे वास्तूच्या साक्षीला मी फार वजन दिले नाही. पण चारही साक्षीदार परस्परांना न विचारता एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा त्या दिशेबद्दल आपली खात्री वाढते, आणि भूतकाळाबद्दलची खात्री बहुतेक वेळा याच वाटेने येते.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. आपण आधी अंक वाचला, त्यावरून संवत्सर काढले आणि मग पुसट अक्षरांत तेच नाव ‘दिसले’, तर ती जुळणी काही कामाची नाही. ते आपणच दिलेले उत्तर आपल्याला परत ऐकू येण्यासारखे आहे. नाव आधी स्वतंत्रपणे वाचले गेले असेल तरच गणिताला साक्षीचे मोल येते.

पहिले म्हणजे काय

मराठीचा आद्य शिलालेख कोणता, याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत बदलत आले आहे. माझ्या लहानपणी पाठ्यपुस्तकात श्रवणबेळगोळचे नाव होते. तेथील गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायथ्याशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ अशी ओळ आहे. मूर्ती गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या शेवटी घडवली हे प्रसिद्धच आहे, म्हणून ओळही त्याच काळातली धरली गेली. पण तेथेच दुसरी ओळ आहे : ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. मूर्तीभोवतीचे आवार बांधणारा हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे आहे, त्यामुळे गंगराजाने आपले नाव कोरवताना मूळ मूर्तिकर्त्याचेही नाव कोरवले असावे, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. पहिली ओळ ज्या घटनेबद्दल बोलते ती घटना दहाव्या शतकातली, पण ओळ स्वतः बहुधा बाराव्यातली. ही गोष्ट विद्यार्थ्याला समजावताना मी त्याला सिद्धेश्वर तलावाकाठी नेले. सिद्धरामेश्वरांचे कार्य बाराव्या शतकातले. त्यांची माहिती देणारा फलक तेथे काल लावला तर तो फलक बाराव्या शतकातला ठरत नाही. घटनेचा काळ आणि ती सांगणाऱ्या साधनाचा काळ यांत अंतर असते, आणि इतिहासातल्या निम्म्या चुका हे अंतर विसरल्याने होतात असे मला वाटते.

दुसरा दावेदार अलिबागजवळच्या अक्षीचा. सूर्यचंद्र कोरलेल्या त्या शिळेचा काळ प्राचीन मराठी कोरीव लेखांचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला आहे. तो बरोबर असेल तर अक्षी कुडलच्या सहा वर्षे आधी येते. पण त्या लेखात केसिदेवराय या शिलाहार राजाचे नाव आहे आणि त्या वंशात या नावाचे दोन राजे झाले, एक अकराव्या शतकाच्या आरंभीचा आणि दुसरा तेराव्या शतकाच्या आरंभीचा. अंकांचे वाचन आणि राजाची ओळख या दोन्ही बाबतींत मतभेद असल्यामुळे काही अभ्यासक ती शिळा दोनशे वर्षांनी अलीकडे आणतात. म्हणजे अक्षीचा वाद सहा वर्षांचा नसून दोन शतकांचा आहे. कुडलच्या बाजूने जमेची गोष्ट तेवढीच, पण ती मोठी आहे : तेथील शकाच्या अंकाबद्दल असा वाद नाही.

मराठीच्या बाईंनी या टप्प्यावर जे मांडले त्याने माझे मूळ वाक्य कायमचे खोडले गेले. त्या म्हणाल्या, “शिलालेख पहिला असेल हो सर, पण भाषा काय त्या दिवशी जन्मली का?” उद्योतनसूरीने शके ७०० च्या अखेरीस, इ.स. ७७९ मध्ये, जालोर येथे ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची बोली टिपताना मराठ्यांच्या तोंडी ‘दिण्णले गहिल्ले’ असे शब्द घातले आहेत, म्हणजे ‘दिले, घेतले’. आपल्या भूतकाळी क्रियापदांतला हाच ‘ल’ पुढे श्रवणबेळगोळच्या ‘करवियलें’मध्ये आहे आणि आज सोलापूरच्या मंडईतही तो क्षणोक्षणी ऐकू येतो. दूर राजस्थानात बसलेल्या लेखकाच्या कानाला ही खूण जाणवली होती, याचा अर्थ कुडलच्या तुळईच्या सुमारे दोनशे चाळीस वर्षे आधी लोक तसे बोलत होते. बोललेले वाऱ्यावर जाते, कापडावर लिहिलेले कुजते, ताम्रपट वितळवले जातात, आणि शिळा कोणाच्या तरी भिंतीत पायाचा दगड होऊन बसते, किंवा भक्तिभावाने तिच्यावर शेंदराचे आणि ऑइलपेंटचे थर चढतात. आपल्या हाती येते ते या सगळ्यातून वाचलेले. त्यातले सर्वांत जुने म्हणजे सर्वांत पहिले, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पुरावा देत नाही.

ओळीचे आकलन

वाचन, तारीख आणि क्रम ठरला तरी ती ओळ समजली असे होत नाही. अण्णांनी सांगितले की आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या लेखांत कन्नड लेख मोठ्या संख्येने आहेत. राजदरबार कन्नड आणि संस्कृत वापरत होता. अशा परिसरातल्या एका लेखाचा आरंभ संस्कृत वळणाने होतो आणि वाचणाऱ्याला उद्देशून असलेला आशीर्वाद मात्र मराठीत येतो. का? कोरवणाऱ्याला मराठी वाचक अपेक्षित होता, असे मला वाटते. सगळ्यांना वाचता येत नसताना कोणीतरी एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी पद्धत असेल, तर आशीर्वाद ऐकणाऱ्यांच्या बोलीत असणे स्वाभाविकच आहे. पण हे माझे अनुमान आहे. तुळईवर तसे कोठेही लिहिलेले नाही, आणि म्हणून ते फलकावर येऊ नये असा आग्रह मीच धरला. अनुमान करणे हे इतिहासकाराचे कामच आहे, मात्र अनुमान कोठे सुरू होते ती जागा वाचकाला दिसली पाहिजे.

निर्णय

अखेर फलकावर पुढील मजकूर गेला : ‘सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, कालयुक्त संवत्सर (इ.स. १०१८-१९) चा लेख आहे. त्याच्या अखेरीस “वाछि तो विजेया होइवा”, म्हणजे “जो हे वाचील तो विजयी होईल”, असे मराठी वाक्य आहे. आजवर मिळालेल्या आणि ज्यांच्या कालाबद्दल वाद नाही अशा मराठी शिलालेखांत हा सर्वांत जुना मानला जातो.’

संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना शेवटचे वाक्य मिळमिळीत वाटले. ‘आद्य’ हा एक शब्द घातला असता तर अभिमान वाटला असता, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना एवढेच सांगितले की उद्या कोठे शके ९३९ चा लेख मिळाला तर ‘आद्य’ लिहिलेला फलक उतरवावा लागेल. हा फलक मात्र तेव्हाही कोठे दुरुस्त करायचा ते स्वतःच दाखवील. ते हसले नाहीत, पण त्यांनी मंजुरी दिली. मराठीच्या बाईंना ‘वाचील’ हा अर्थ निर्विवाद असल्यासारखा छापला जाणे अखेरपर्यंत पटले नाही. त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका एका पानावर लिहून दिली आणि ती आम्ही जशीच्या तशी ठेवली.

फलकाची फाइल आता ग्रंथालयात आहे. तिच्यात बाईंची भिन्नमतपत्रिका आहे, अण्णांनी केलेली संवत्सरांची गणिते आहेत, माझे खोडलेले पहिले वाक्य आहे. सर्वांत वर विद्यार्थ्याच्या आकृत्यांचे पान लावले आहे; त्यावर दिवस, वेळ आणि विजेरी कोणत्या बाजूने धरली होती ते त्याने पेन्सिलीने लिहिले आहे.